पंचायतीत निम्म्या, बाजार समितीत दोन

पुण्याच्या गुलटेकडीतील मार्केट यार्डाचा कारभार पाहणारे संचालक मंडळ 18 जणांचे असते. त्यातील 11 जणांना गावोगावच्या विकास सोसायट्यांचे संचालक निवडून देतात, 4 जणांना ग्रामपंचायतींचे सदस्य. 2 जागा आडते-व्यापाऱ्यांच्या आणि 1 हमाल-मापाड्यांची. राज्यातील 300 हून अधिक बाजार समित्यांची घडण अशीच आहे. यात महिलांसाठी राखीव जागा फक्त 2, आणि त्या दोन्ही सोसायटी मतदारसंघात. ग्रामपंचायतींच्या 4 जागांपैकी एक अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि एक आर्थिक दुर्बल घटकासाठी राखीव आहे. उरलेल्या दोन सर्वसाधारण. या मतदारसंघात मत देणाऱ्या पंचायत सदस्यांमध्ये निम्म्या महिला आहेत, कारण 2011 मध्ये महाराष्ट्राने पंचायतीच्या निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखल्या. मतदार निम्म्या, पण त्यांच्यासाठी राखीव जागा एकही नाही.

ग्रामीण सत्तेतील महिलांचा आढावा बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सुरू होतो आणि तिथेच संपतो. किती सरपंच महिला, किती सदस्य महिला, किती जणींच्या नावावर नवरा कारभार करतो, एवढ्यात तो आटोपतो. पण गावाचा पैसा ग्रामपंचायतीतून थोडा आणि सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती यांच्यातून पुष्कळ फिरतो. पीककर्ज कोणाला मिळणार, माल कोणत्या भावाने जाणार, हे तिथे ठरते. म्हणून 30 वर्षांच्या आरक्षणाचा हिशेब यार्डापर्यंत आणून मांडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शनिवारची सुट्टी सोडली तर यार्डात रात्रीपासूनच पालेभाजीच्या गाड्या लागतात. मेथी, कोथिंबीर शेकड्यावर विकली जाते, म्हणजे 100 जुड्यांचा भाव निघतो. त्यातली प्रत्येक जुडी कोणाच्या तरी हाताने बांधलेली असते. आदल्या दिवशी भाजी उपटायची, मुळांची माती झटकायची, पिवळी पाने काढायची, मुठीच्या मापाने जुडी बांधायची आणि ओल्या पोत्याखाली रचून ठेवायची. हवेली, पुरंदर, खेड, शिरूर या पट्ट्यात हे काम जवळजवळ सगळे बायकांचे. गाडीबरोबर यार्डात येतो तो घरातला पुरुष. आडत्याच्या गाळ्यावर हिशेबपट्टी होते ती त्याच्या नावाने. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता उरलेले पैसे जातात तेही त्याच्याच हातात किंवा खात्यात. जुडी बांधणारी बाई गावात ग्रामपंचायतीची सदस्य असेल, कदाचित सरपंचही असेल. पट्टीवर तिचे नाव नसते.

निम्म्या जागांपर्यंतची वाट लांबची होती. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात आणि 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यात महिलांची सोय होती ती एक-दोन जणींची, आणि बरीचशी नियुक्तीने येण्याची. पण पुणे जिल्ह्यातच एक वेगळी गोष्ट घडली. बारामती तालुक्यातील निंबूत येथे 1963 ते 1968 या काळात संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत होती. आरक्षणाचा कायदा यायला तेव्हा जवळजवळ 30 वर्षे अवकाश होता. हा प्रयोग सर्वसामान्य शेतकरी बायकांच्या उठावातून आलेला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गाव काकडे घराण्याचे, राजकारणात मुरलेले. घरातल्या सुनांना पंचायतीत बसवण्याचा निर्णय घराण्याच्या बळावर झाला. तरीही पंचायतीचा कारभार बायका चालवू शकतात, हे त्या पाच वर्षांत दिसले.

त्यानंतरचा मोठा टप्पा शेतकरी संघटनेचा. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले. स्त्रियांचा प्रश्न संघटनेचे नेते शरद जोशी यांनी तिथे शेतीच्या प्रश्नाशी जोडला आणि संघटनेच्या महिला आघाडीने पंचायतींच्या निवडणुका लढवायचे ठरवले. 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेरला महिलांचे संपूर्ण पॅनेल निवडून आले. यवतमाळमधील मेटीखेडासारख्या गावांतही असे प्रयोग झाले. या चळवळीचे वेगळेपण असे की तिने पंचायतीबरोबर जमिनीलाही हात घातला. ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यायचा होता, आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी तो दिला. खुर्ची आणि सातबारा बरोबर चालले पाहिजेत, ही त्या मोहिमेमागची समज होती. पुढे सरकारी धोरणाने खुर्ची घेतली आणि सातबारा मागे पडला.

पुण्यातील ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यास केंद्राने महाराष्ट्रातील अशा सर्व-महिला पंचायतींचा शोध घेतला आणि 1998 मध्ये बिशाखा दत्ता यांच्या संपादनाखाली त्याचे इंग्रजी पुस्तक आले. बायका पंचायतीत गेल्या तर चपात्या कोण लाटणार, हा पुरुषांचा सवाल त्याच्या शीर्षकातच आहे. सभा दुपारी ठेवली की स्वयंपाक आटोपून येता येते आणि रात्री ठेवली की येता येत नाही, इतकी साधी गोष्ट कारभाराची दिशा बदलते. आजही मासिक सभेची वेळ कोणाच्या सोयीने ठरते, हे पाहिले तर पंचायत कोणाची आहे ते लगेच कळते.

कायद्याची घडामोड थोडक्यात सांगतो. कर्नाटकात 1987 च्या निवडणुकांत महिलांना 25 टक्के जागा मिळाल्या होत्या. महाराष्ट्राने 1990 मध्ये स्थानिक संस्थांत 30 टक्के आणल्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि देशभर एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. बिहारने 2006 मध्ये निम्म्या केल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये. आज देशातील सुमारे 31 लाख पंचायत प्रतिनिधींपैकी साडेचौदा लाखांच्या आसपास महिला आहेत. महाराष्ट्रात 27 हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यातील निम्म्यांचे सरपंचपद आळीपाळीने महिलांकडे असते.

या महिलांनी केले काय, हा प्रश्न सदैव विचारला जातो. पुरुष सरपंचांना तो कोणी विचारत नाही, तरी त्याचे उत्तर देण्यासारखे आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील आहे. महिला प्रमुख असलेल्या बंगालच्या पंचायतींत पिण्याचे पाणी आणि रस्ते यांवर, राजस्थानात पाण्यावर अधिक खर्च झाला, म्हणजे ज्या गोष्टींची मागणी तिथल्या बायका करत होत्या त्यांवर. आपल्याकडचा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. पुणे विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ धनमंजिरी साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातील गावे तपासली. त्यांचा लेख 2013 मध्ये आला. महिला सरपंचाने तीन-साडेतीन वर्षे कारभार केल्यानंतर त्या गावांत मूलभूत सेवा पुरुष सरपंचांच्या गावांपेक्षा चांगल्या असल्याचे त्यांना आढळले. यातला कालावधी महत्त्वाचा आहे. पहिली दोन वर्षे कागद समजण्यात, ग्रामसेवकाशी जुळवून घेण्यात, तालुक्याला एकटीने जाण्याचे धाडस येण्यात जातात. मग काम दिसू लागते. आणि नेमके तेव्हाच पुढच्या निवडणुकीची सोडत निघते, आरक्षण बदलते, आणि शिकलेली बाई घरी जाते.

चक्राकार आरक्षणाचा हा दोष माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आहे, नवऱ्याच्या हस्तक्षेपापेक्षाही. सर्वसाधारण झालेल्या जागेवर तिने पुन्हा उभे राहावे, असे पुस्तकात असते. गावात पॅनेलप्रमुख सांगतो, ‘ताई, आता आरक्षण नाही, या वेळी भाऊंना उभे करू.’ मुंबई महापालिकेच्या वॉर्डांचा रिखिल भावनानी यांचा 2009 चा अभ्यास सांगतो की एकदा महिला राखीव राहिलेल्या वॉर्डात आरक्षण उठल्यावर महिला निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. पण मुंबईत राजकीय पक्षांना उमेदवार हवे असतात. गावात भावकी उमेदवार ठरवते. तामिळनाडूत आरक्षण दहा वर्षे, म्हणजे दोन मुदती, एकाच जागी राहते. महाराष्ट्राने हे करायला काय हरकत आहे, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळालेले नाही.

आता नवऱ्याकडे येऊ. ‘सरपंच पती’ हा प्रकार इतका सर्वत्र आहे की केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यासाठी समिती नेमावी लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने असा कारभार करणाऱ्यांना जरब बसेल अशा दंडाची शिफारस केली. दंड हवाच. पण हा कारभार आज कसा चालतो, ते जवळून पाहिले तर वेगळीच गोष्ट हाती लागते. वित्त आयोगाचा निधी आता थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो आणि खर्च ऑनलाइन होतो. त्यासाठी सरपंचाची आणि ग्रामसेवकाची डिजिटल सही लागते. ती सही एका छोट्या डोंगलमध्ये असते आणि तिला पिन असतो. पूर्वी धनादेशावर निदान बाईला स्वतः सही करावी लागे. धनादेश पुढे आला की ती रक्कम वाचायची, कधी विचारायची, ‘हे कशाचे?’ आता डोंगल नवऱ्याच्या खिशात किंवा ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात, पिन दोघांना पाठ. तिला न कळता तिची सही होते, पैसे जातात, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुलीची नोटीस मात्र तिच्या नावाने येते. पारदर्शकतेसाठी आणलेल्या यंत्रणेने तिला कागदापासूनही दूर केले. पंचायत समितीच्या प्रशिक्षणात योजनांची जंत्री वाचून दाखवण्यापेक्षा एक दिवस डोंगल लावून देयक मंजूर करण्याचा सराव द्यायला हवा, तोही नवऱ्याला बाहेर बसवून.

कायद्याची काही कलमे बाईला सांभाळतात आणि काही तिच्यावरच पडतात. महिलेसाठी राखीव असलेल्या सरपंचपदावर अविश्वास आणायला तीन-चतुर्थांश बहुमत लागते, ही चांगली ढाल आहे. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेतली पाहिजे, हेही कायद्यात आहे. पण पुष्कळ गावांत ती शिपाई घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेतो एवढ्यावर संपते. दारूबंदीच्या बाबतीत मात्र बायकांनी कायदा खरोखर वापरला. गावातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला तर दुकान बंद होते. मतदान केलेल्यांच्या निम्मे नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्मे. एवढी अवघड अट असूनही अनेक गावांतील बायकांनी ती पार केली.

दुसऱ्या बाजूला दोन अपत्यांची अट. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले तर सदस्यत्व जाते. तिसरे मूल हवे की नको, हे ठरवण्याचा अधिकार घरात जिला नसतो, तिच्याच पदावर ही कुऱ्हाड येते. आणि अतिक्रमण. सरकारी जागेवर सदस्याने अतिक्रमण केले तर अपात्रता. 2018 मध्ये एका सदस्य महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात ती राहत असेल तरी ती अपात्र ठरते. सासऱ्याने कधीतरी गायरानात बांधलेल्या घरात सून नांदायला येते आणि त्या घरामुळे तिचे पद जाते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचावर असाच आरोप झाला. आपण सासूबरोबर राहत नाही, वेगळे भाड्याने राहतो, असे तिचे म्हणणे होते. खाली सगळीकडे ती हरली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले आणि आपल्या वतीने एक बाई निर्णय घेणार हे गावकऱ्यांना पचले नाही, असा स्पष्ट शेरा मारला. दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ किती जणींना असते? दलित आणि आदिवासी सरपंच महिलांना तर ध्वजवंदनापासून खुर्चीपर्यंत प्रत्येक गोष्ट झगडून घ्यावी लागते. त्यांची बहुतेक प्रकरणे तालुक्याच्या कचेरीतच विरतात.

निवडणुकाच न होणे, हा बायकांना कारभाराबाहेर ठेवणारा आणखी एक प्रकार. मार्च 2022 मध्ये पुण्यासह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण त्या काळात जिल्हा परिषदेच्या निम्म्या जागांवरच्या महिला एका फटक्यात कारभारातून बाहेर गेल्या, याची चर्चा मी फारशी ऐकली नाही. पुणे बाजार समितीवरही जवळपास दोन दशके निवडून आलेले मंडळ नव्हते. एप्रिल 2023 मध्ये ते आले.

सहकाराचे चित्र पाहिले की पंचायतीतले यश किती एकाकी आहे ते कळते. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत महिलांना 2 जागा ठेवल्या गेल्या आणि राज्याच्या सहकार कायद्यातही तशी तरतूद आली. गावच्या सोसायटीत साधारण 13 संचालक असतील तर त्यात 2 महिला. हेच संचालक बाजार समितीचे 11 संचालक निवडतात, जिल्हा बँकेलाही त्यांचाच ठराव जातो. म्हणजे पंचायतीत निम्म्यावर असलेली बाई सोसायटीत साडेसहास एक होते आणि बाजार समितीत नवास एक. जसजसा पैसा वाढतो तसतशी तिची संख्या घटते. बचत गटातल्या बायकांनी हप्ते चुकवले नाहीत म्हणून बँका त्यांची उदाहरणे देतात. पण ज्या सोसायटीतून पीककर्ज वाटले जाते तिच्या सभासद यादीत त्या नाहीत, कारण सभासद व्हायला जमीन लागते.

सगळ्याच्या तळाशी सातबारा आहे. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील शेतीच्या धारणक्षेत्रांपैकी सुमारे 14 टक्के महिलांच्या नावावर होती. महाराष्ट्राने 1994 मध्ये, केंद्राच्या आधी 11 वर्षे, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण आले. तरी बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचे, ही रीत चालूच आहे, आणि सरपंच झालेल्या बहिणीही ते करून देतात. 2017 मध्ये बाजार समितीत किमान 10 गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मताचा अधिकार देण्याचा बदल झाला, 2020 मध्ये तो मागे घेतला गेला. शेतकऱ्याला मत मिळावे, हे तत्त्व मला मान्य आहे. पण सातबाऱ्यावर नाव हीच शेतकऱ्याची ओळख ठेवली तर त्या मतदार यादीत बाई आजच्याहूनही कमी दिसेल. पंचायत सदस्यांच्या मताधिकारामुळे ग्रामपंचायत मतदारसंघात निदान निम्म्या मतदार तरी स्त्रिया असतात.

यार्डातच एक धडा आहे. हमाल-मापाड्यांना मंडळावर एकच जागा आहे, पण 1955 पासून उभ्या असलेल्या हमाल पंचायतीमुळे आणि बाबा आढावांनी उभारलेल्या लढ्यांमुळे त्या एका जागेला वजन आहे. तोलाई, हमालीचे दर त्यांना विचारल्याशिवाय हलत नाहीत. पंचायतीतल्या महिलांची अशी तालुक्यावर उभी संघटना फार थोड्या ठिकाणी आहे. महिला राजसत्ता आंदोलनाने अनेक जिल्ह्यांत हे काम नेटाने केले, पण दर पाच वर्षांनी नव्या बायका येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून दोन बदल तातडीने व्हावेत. पंचायतीचे महिला आरक्षण सलग दोन मुदती एका जागी ठेवावे. आणि बाजार समितीच्या ग्रामपंचायत मतदारसंघातील 4 जागांपैकी 2 महिलांसाठी राखाव्यात. अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांच्या जागाही आळीपाळीने त्यात याव्यात. पणन कायद्यातली ही दुरुस्ती छोटी आहे, सरकारी तिजोरीवर तिचा एक रुपयाही भार नाही.

तोवर ज्या भगिनी आज सदस्य किंवा सरपंच आहेत त्यांना माझी विनंती आहे. डोंगल स्वतःच्या ताब्यात घ्या आणि पिन आजच बदला. सभेचा वृत्तांत घाईत लिहिला गेला असेल तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. माहेरी किंवा सासरी जमिनीत नाव लागायचे राहिले असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्या, सोसायटीचे सभासदत्व घ्या आणि शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. बाजार समितीची निवडणूक लागेल तेव्हा उमेदवारी अर्जासोबत तोच दाखला मागितला जातो.